डेअरीत लागलेली पोरं दिवाळीच्या आत परत का येतात?

वाचकाचं पत्र:

"ताई नमस्कार. मी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजी शिकवते. यंदापासून तिसऱ्या वर्षाचा डेअरीचा विषय माझ्याकडे आलाय. मागच्या बॅचची सात मुलं डेअरी प्लांटला लागली होती, त्यातली पाच दिवाळीच्या आत घरी परत. प्लांटवाले म्हणतात तुमच्या मुलांना काही येत नाही, मुलं म्हणतात तिथे शिकण्यासारखं काही नाही, नुसते टँकर मोजायचे. सगळ्यांना आर अँड डी हवंय. वर्गात निम्म्याच्या वर मुली आहेत, रात्रपाळी म्हटलं की घरून नकार. सिलॅबस माझ्या हातात नाही, वर्षाला एक इंडस्ट्रियल व्हिजिट असते तेवढीच. ह्यात मी नक्की काय बदलू शकते? – एक प्राध्यापिका, हडपसर."

मॅडम नमस्कार,

पहिलं हे सांगते की प्लांटवालेही खरं बोलतायत आणि पोरंही खरं बोलतायत. प्लांटवाल्यांना "काही येत नाही" म्हणजे पाश्चरायझेशन येत नाही असं म्हणायचं नसतं. ७२ डिग्री १५ सेकंद हे तुमच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी येत असणार. त्यांना म्हणायचं असतं की ह्या पोराला ठरवता येत नाही. आणि पोरांना वाटतं तिथे शिकायला काही नाही, कारण डॉकवर उभं राहून काय बघायचं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. माझ्या मते तुमचं सगळं काम इथेच आहे, मुलांना दुधाबद्दल निर्णय घ्यायला शिकवायचं. चीज, योगर्ट, व्हे प्रोटीन, फंक्शनल फूड हे सगळं नंतर.

कुठलीही डेअरी नवीन माणसाला पहिल्या महिन्यात चीज व्हॅटवर सोडत नाही, त्याला देतात डॉक, म्हणजे आरएमआरडी, कच्चं दूध उतरवून घ्यायची जागा. आता चित्र असं धरा की रात्री दीडला टँकर लागलाय, तापमान आलंय ८ डिग्री, जे खरं तर ४-५ च्या आसपास हवं होतं, अ‍ॅसिडिटी ०.१५, म्हणजे अगदी काठावर. ड्रायव्हर केबिनला टेकून उभा आहे कारण त्याला परत जाऊन सकाळचं दूध उचलायचंय, आणि आतून प्रोसेसवाल्याचा तिसरा फोन येऊन गेलाय की सायलो, म्हणजे दुधाची मोठी टाकी, तळाला लागला, दूध कधी देताय, पाऊच मशीन थांबलं तर पहाटेच्या गाड्या कोण भरणार. तुमची मुलगी लॅबमध्ये एकटी आहे. तिने एमबीआरटी, म्हणजे दुधातल्या जंतूंचा अंदाज देणारी टेस्ट, शिकलेली आहे, पण चांगलं दूध मेथिलिन ब्लूचा रंग पाच-पाच तास सोडत नाही, तोपर्यंत टँकर थांबणार आहे का? नाही. मग हातात राहतं काय, तर वास, चव, अ‍ॅसिडिटी, अल्कोहोल टेस्ट, आणि सीओबी, म्हणजे नळीत थोडं दूध उकळून गुठळी पडते का बघायचं. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. घ्यायचं, परत पाठवायचं, की वेगळ्या सायलोत घेऊन लगेच चालवायचं, हे तिने सांगायचं आणि खाली सही करायची.

आणि त्यातही गंमत अशी की अ‍ॅसिडिटी छान ०.१३ आली म्हणून सुटलो असं नसतं. आंबायला लागलेल्या दुधात कोणीतरी सोडा टाकून ती खाली आणलेली असू शकते, म्हणून रोझोलिक अ‍ॅसिडची टेस्ट मारायची, गुलाबी-लाल रंग आला की समजायचं. आपल्या जर्नलमध्ये ह्या दोन्ही टेस्ट असतात, पण वेगवेगळ्या पानांवर. एक चुकीचं 'सगळं ठीक' देते तेव्हा दुसरी का लागते हे कोणी जोडून सांगतच नाही. तुमच्या हातात सिलॅबस नाही म्हणता पण प्रॅक्टिकल तर तुमच्याच हातात आहे ना? दूध विकत आणा, एक लिटर रात्रभर बाहेर ठेवा, त्यातल्या अर्ध्यात चिमूटभर खायचा सोडा, एकात पाणी, एकात साखर, एक बिचारं शुद्ध, आणि बाटल्यांवर नुसते नंबर. मुलांना म्हणा वीस मिनिटं आहेत, प्रत्येक बाटलीवर "घेतलं" किंवा "परत" लिहा आणि का ते एका ओळीत. मार्क त्या ओळीला द्यायचे, आकड्याला नाही.

गर्बर, म्हणजे दुधातलं फॅट मोजायची जुनी टेस्ट, हीही मनापासून करून घ्या. मला माहितीये आता सगळीकडे मिल्क अ‍ॅनालायझर आलेत, मशीनमध्ये नळी बुडवली की मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हजर. पण ते मशीन खरं बोलतंय का हे ठरवायला शेवटी गर्बरच लागतं, आणि भांडण झालं की दोन्ही पार्ट्या गर्बरवरच येतात. १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर पिपेटने १०.७५ मिली दूध नळीच्या कडेने हळू सोडायचं, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच, आणि मग नॅपकिनमध्ये गुंडाळून हलवायचं कारण ती नळी, म्हणजे ब्युटायरोमीटर, हातात चटका बसेल इतकी तापते. दूध काळपट तपकिरी होतं आणि सेंट्रिफ्यूजमधून निघाल्यावर वर सोन्यासारखा पिवळा खांब उभा राहतो, त्याच्या तळाची रेघ शून्यावर नीट आणून वाचायचा. बूच नीट न बसवता हलवणारी पोरं मी पाहिली आहेत, अ‍ॅसिड भिंतीवर. गॉगल सक्तीचा करा, आणि तुम्ही स्वतःही घाला, नाहीतर कोणी घालत नाही.

आता हिशेब. ह्यात फूड टेकची मुलं सगळ्यात जास्त मार खातात आणि ह्याला ना प्लांट लागतो ना परवानगी, एक फळा पुरतो.

मुलांना सांगा, १०,००० लिटर गाईचं दूध आलंय, ३.५ फॅट ८.५ एसएनएफ, मला रात्रीपर्यंत त्याचं ३.० फॅटचं टोन्ड करून पाऊचला द्या, आणि ४० टक्के फॅटची क्रीम किती निघेल ते सांगा. निम्मा वर्ग १०,००० ने गुणायला सुरुवात करेल. त्यांना थांबवा. विचारा, लिटर का किलो? दुधाची घनता १.०३ धरली तर ते १०,३०० किलो झालं. गवळ्याकडून दूध लिटरने येतं, टँकर वजनकाट्यावर किलोने मोजला जातो, पाऊच परत लिटरने विकला जातो. ह्या उड्या मारताना जो घसरला त्याचा ३ टक्क्यांचा घोटाळा कागदावरच झाला, दूध सांडायची गरजच नाही. बरं, पुढे जा. काढायचं फॅट ३.५ वजा ३.० म्हणजे ०.५, क्रीम आणि टोन्डमधला फरक ४० वजा ३ म्हणजे ३७, तर १०,३०० गुणिले ०.५ भागिले ३७, म्हणजे साधारण १३९ किलो क्रीम. वर्ग खूश होईल. मग म्हणा, संध्याकाळी प्रत्यक्षात १३१ भरली, मला मॅनेजरचा फोन आलाय, आठ किलो कुठे गेली ते तुम्ही सांगा.

इथे खरा वर्ग सुरू होतो बघा. सेपरेटर, म्हणजे क्रीम वेगळी काढणारं मशीन, फॅट नीट सोडवत नसेल आणि ते दुधातच राहत असेल, पाइपात राहिली असेल, पहिल्या फ्लशबरोबर गटारात गेली असेल, क्रीमचंच फॅट ४० ऐवजी ४२ असेल, किंवा सगळ्यात कॉमन म्हणजे मुळात दूध ३.५ चं नव्हतंच, सॅम्पल चुकलं. टँकर उभा राहिला की मलई वर यायला लागते, नीट न ढवळता वरून सॅम्पल काढलं तर फॅट जास्त लागतं, आणि डेअरी त्या न आलेल्या फॅटचे पैसे मोजते. नुसता ०.१ चा फरक ह्या एका टँकरमध्ये १०.३ किलो फॅट होतो, फॅटला किलोमागे ५०० रुपये धरले तरी पाच हजारांच्या वर गेले, एका टँकरला, एका रात्री. आता सांगा "नुसते टँकर मोजायचे" ह्या कामात शिकण्यासारखं काही आहे का नाही. जो मुलगा इंटरव्ह्यूला बसून हे शांतपणे मांडू शकतो त्याला मी तरी पुढचा प्रश्न विचारणार नाही.

आता संकलन केंद्र. तुमची व्हिजिट म्हणजे बहुतेक असं होत असणार की चाळीस मुलं बसमधून उतरली, डोक्याला टोप्या घातल्या, काचेआडून पाऊच मशीन बघितलं, एकेक लस्सी, ग्रुप फोटो, परत येताना अंताक्षरी. ती व्हिजिट बंद करता येत नसेल तर निदान वेळ बदला. सकाळी सहाला एखाद्या गावच्या दूध संकलन केंद्रावर न्या. मंचर, शिरूर, दौंड, इंदापूर, कुठेही, तुमच्या विद्यार्थ्यांपैकीच दोघा-चौघांच्या घरचं दूध कुठल्या तरी केंद्रावर जात असेल, त्यांना विचारा. शहरातल्या मुलांसमोर हीच मुलं लाजून गप्प बसतात, आणि खरं तर वर्गात सगळ्यात जास्त त्यांना कळत असतं.

तिथे एक गोष्ट बघायला लावा. शेतकरी कॅन ओततो, स्लिप निघते, ३.३ फॅट, ८.४ एसएनएफ. कायद्याच्या हिशेबाने गाईचं दूध ३.२ आणि ८.३ ला पास आहे, पण आपल्याकडे भाव सांगतात तो ३.५/८.५ ला, त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला कपात. म्हणजे भेसळ नाही काही नाही, दूध पूर्ण कायदेशीर, तरी पैसे कापले, आणि तो माणूस सचिवावर चिडलाय की मशीन खोटं आहे. मुलांना विचारा, तुम्ही ह्या शेतकऱ्याला काय सांगाल? पुस्तकात ह्याची उत्तरं आहेत पण ती पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहेत. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय म्हटलं की फॅट जर्सीपेक्षा कमीच, पेंड भरपूर आणि चारा-कडबा कमी पडला की फॅट उतरतं, आणि धारेच्या शेवटच्या दुधात फॅट सगळ्यात जास्त असतं म्हणून घाईत कास पूर्ण मोकळी केली नाही तर ते वासराच्या वाट्याला जातं. कासदाह झालेल्या गाईला अँटिबायोटिक दिलं असेल तर ते दूध काही दिवस बाजूला ठेवायचं असतं, एखाद्याने ते तसंच घातलं तर पुढे प्लांटमध्ये कल्चर, म्हणजे विरजण, मरतं आणि हजारो लिटरचं दही लागत नाही. तेव्हा प्लांटमध्ये उभा असलेला क्वालिटीवाला दोन दिवस कल्चर कंपनीला शिव्या घालत बसतो, कारण त्याने गोठा कधी पाहिलेलाच नसतो.

तुम्ही हडपसरला आहात तर उरुळीकांचन तुमच्या दारात आहे हो. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये तिथे बायफ ही संस्था सुरू केली, गावोगाव दारापर्यंत कृत्रिम रेतन नेलं, आणि आज पुणे-नगर पट्ट्यात दावणीला ज्या संकरित गाई दिसतात त्या बदलात बायफचा हात मोठा आहे. अर्धा दिवस तिकडे काढला तर गाईची जात, फॅट, भाव आणि प्लांट ही साखळी मुलांच्या डोक्यात एकदम बसते.

सीआयपीबद्दल, म्हणजे मशीन न उघडता पाइप-टाक्या आतून धुण्याबद्दल. ह्याला मुलं धुणीभांडी समजतात, आणि बिटेक होऊन मी पाइप धुऊ का असं एकाने मला तोंडावर विचारलेलं आहे. धू बाबा. दूध उतू जाऊन करपलेलं पातेलं नुसत्या साबणाने निघत नाही हे त्याच्या आईला माहिती असतं, तसंच आत प्लेट्सवर प्रोटीन बसतं ते कॉस्टिकने निघतं आणि दुधाचे क्षार बसून जो मिल्कस्टोन होतो तो अ‍ॅसिडशिवाय हलत नाही. म्हणून आधी पाणी, मग साधारण ७०-७५ डिग्रीचं कॉस्टिक, पाणी, नायट्रिक, परत पाणी. हा क्रम पाठ असणं वेगळं आणि आज कॉस्टिकचं परतीचं तापमान ५८ आलंय म्हणजे सकाळच्या दुधातल्या जंतूंचा काउंट उद्या वाढणार हे आजच ओळखणं वेगळं. पाऊच संध्याकाळीच फुटतोय, दूध तापवलं की नासतंय अशी तक्रार आली की दहातल्या आठ वेळा मी आधी सीआयपीचा चार्ट मागवायचे. जे पोर सीआयपी समजून घेतं त्याच्यावर शिफ्ट इनचार्ज वर्षभरात शिफ्ट सोडून घरी जातो, ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट प्लांटमध्ये नाही.

चार्टवरून आठवलं, एक प्रश्न वर्गात नक्की घ्या आणि त्याला एक अख्खं लेक्चर द्या. पाश्चरायझरचा लॉग दर अर्ध्या तासाने भरायचा असतो, ऑपरेटर विसरला, आता पहाटे पाचला तुमचा सीनियर म्हणतो चार तासांचे आकडे टाकून दे, ७२.५, ७२.८, ७२.४, वेगवेगळे टाक म्हणजे खरे वाटतील. काय करायचं? हे सगळ्यांसमोर येतं, पहिल्याच वर्षी येतं. फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह आहे, कमी तापलेलं दूध आपोआप मागे फिरतं, रेकॉर्डरचा चार्ट आहे, दूध नीट पाश्चराइज झालं का सांगणारी फॉस्फटेज टेस्ट आहे, म्हणजे दूध चांगलं आहे का ते तपासायचे खरे रस्ते आहेत, खोटा आकडा लिहायची गरज नसते. "नोंद घेतली नाही" असं लिहून खाली सही करायची आणि रेकॉर्डरचा चार्ट जोडायचा. बावीस वर्षांच्या पोराला हे वाक्य सीनियरसमोर बोलायला जड जातं, म्हणून ते आधी वर्गात बोलून बघितलेलं असावं.

आता आर अँड डी. मुलांना दोष नाही देणार, प्लेसमेंटच्या ब्रोशरवर काय छापलेलं असतं, भारत १९९८ पासून जगात दूध उत्पादनात पहिला, २०२३-२४ ला जवळपास २४ कोटी टन दूध, अमाप संधी वगैरे. खरंय, पण त्या २४ कोटी टनातलं कितीतरी घरातच पितात, गावातच विकतात, आणि डेअरीपर्यंत जे येतं त्यातला मोठा भाग साध्या पिशवीत भरून सकाळी तुमच्या दारात येतो. आर अँड डीच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि तिथे बहुतेक एमटेक-पीएचडीवाले बसलेले असतात. ज्याला तिकडेच जायचंय त्याला आजच सांगा की बाबा कर्नालच्या एनडीआरआय या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेची, आणंदची तयारी कर, पीजीची प्रवेश परीक्षा दे. आणि हेही सांगा की आपल्या देशातलं डेअरीचं सगळ्यात गाजलेलं संशोधन प्लांटमधल्या अडचणीतूनच आलं. आणंदला हिवाळ्यात म्हशीचं दूध इतकं यायचं की त्याचं करायचं काय हा प्रश्न, परदेशी तज्ज्ञ म्हणत होते म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, आणि तिथल्या एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, १९५५ ला तिथे पावडरचा प्लांट उभा राहिला. अमूलचे व्हर्गिस कुरियन स्वतः मेकॅनिकल इंजिनियर, १९४९ ला तिथे गेले ते सरकारी स्कॉलरशिपच्या बाँडमुळे, आवड म्हणून नव्हे.

दुसरी एक कडू गोष्ट. तुमच्या मुलांची स्पर्धा पुसदजवळच्या वरूड आणि उदगीरच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजांच्या मुलांशी आहे, दोन्ही नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची. ती मुलं चार वर्षं दूधच करत असतात, डेअरी इंजिनियरिंग वेगळं, मायक्रो वेगळं, वर प्लांटमधलं लांबलचक ट्रेनिंग. प्रोडक्शनच्या एका जागेला ती आणि तुमची मुलं समोरासमोर आली तर सुरुवातीला ती जिंकणार, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लेबलिंग आणि एफएसएसएआयचे नियम, क्वालिटी सिस्टीम, आइस्क्रीम, फ्लेवर्ड मिल्क, पॅकेजिंग, कल्चर-एन्झाइम विकणाऱ्या कंपन्यांचं टेक्निकल काम, कोल्ड चेन, इथे फूड टेकवाल्याचा हात वर असतो कारण त्याने दुधाबाहेरचंही बघितलेलं असतं. फूड सेफ्टी ऑफिसरची परीक्षा आहेच. ज्याला माणसांत राहायला आवडतं, गावात जाऊन सभासदांशी बोलायला आवडतं त्याच्यासाठी सहकारी संघाचं प्रोक्युरमेंट, म्हणजे दूध खरेदीचं काम, आहे, आणि त्याला पुढे शिकायचं असेल तर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारं आणंदचं इर्मा. सगळ्यांना एकाच दरवाजाने आत ढकलू नका म्हणजे झालं.

स्टीम, थंडी, हवा, पाणी ह्याबद्दल थोडक्यात, मुलांना एकदा तरी बॉयलर आणि अमोनियाचा प्लांट दाखवा. आइस बँक टँक (बर्फ जमवून पाणी गार ठेवणारी टाकी) म्हणजे काय हे न कळता "चिलिंग होत नाहीये" म्हणून लॅबमध्ये बसून राहणारी मुलं असतात. अमोनियाचा वास आला तर वाऱ्याला आडवं पळायचं हे तर पहिल्या दिवशीच माहिती हवं.

आता ती पाच मुलं. ती दिवाळीच्या आत परत आली ह्याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण कोजागिरीला पुण्यात दूध किती उडतं तुम्ही बघताच, त्याच्या आधी दसऱ्याचं श्रीखंड, मग दिवाळीचा खवा आणि तूप. सगळं जग सुट्टीवर आणि डेअरीत सुट्ट्या बंद. हिंजवडीतला मावसभाऊ सामान बांधून गावाला निघालाय आणि हा डबल शिफ्ट करतोय, पगार त्याच्या निम्मासुद्धा नाही, त्यात प्लांट कोथरूडात नसतो ना. मंचर, बारामती, इंदापूर नाहीतर थेट सांगली. पुण्यातल्या मुलांना चितळ्यांचं दूध बाजीराव रोडवर तयार होतं असं वाटतं, मूळ डेअरी भिलवडीला आहे, तिथे खोली घेऊन राहायचं म्हटलं की आई रडते. ह्यातलं काहीच कोणी आधी सांगितलं नसेल तर मुलगा पळणारच. त्या पाच जणांना आणि टिकलेल्या दोघांना एकत्र वर्गात बोलवा, तुम्ही स्वतः बाहेर जा, आणि मुलांना त्यांना काय वाटेल ते विचारू द्या. पगार, जेवण, खोलीभाडं, शिव्या, सगळं. त्यानंतर ज्यांचे हात डेअरीसाठी वर येतील तेवढेच पाठवा, चार आले तरी चार. मोठ्या साहेबांचं पीपीटी व्याख्यान ह्यापुढे फिकं आहे. बोलवायचंच असेल तर एखाद्या शिफ्ट इनचार्जला बोलवा, आणि त्याला मानधन द्या हो, त्याची रजा मोडलेली असते.

मुलींच्या रात्रपाळीबद्दल मला फार बोलतात लोक, मी स्वतः केलीये म्हणून. मी मुलींना "हिंमत करा" असलं काही सांगणार नाही, प्लेसमेंट ऑफिसने आधी चार प्रश्न विचारावेत असं सांगेन. घरापर्यंत गाडी आहे का, आणि ती एकटीसाठी सुटते का सगळे भरेपर्यंत थांबते. त्या शिफ्टला आणखी बाई आहे का. चेंजिंग रूम आणि टॉयलेट लॅबच्या मजल्यावर आहे का बॉयलरच्या मागे. रात्री टँकरचं सॅम्पल कोण काढतं, तिने शिडी चढून एकटीने काढायचं का मदतनीस असतो. उत्तरं लेखी घ्या. जिथून नीट उत्तर येतं तिथे पालकांना एकदा दिवसा घेऊन जा, बहुतेक वडील डॉक बघून आणि इनचार्जशी बोलून आले की विरघळतात. जिथून "ते बघू आपण" असं उत्तर येतं तिथे मुलगा पण पाठवू नका, कारण त्या प्लांटचं बाकी सगळंही "बघू आपण" असंच चालत असणार.

ट्रेनिंगला तीस जणांची टोळी नको, दोघं-दोघं, निदान एक महिना. प्लांटला पत्र लिहिताना "आमच्या विद्यार्थ्यांना संधी द्यावी" असं लिहिलंत तर ते पत्र टेबलावरच राहील, त्याऐवजी लिहा की आमची दोन मुलं महिनाभर तुमच्या डॉकवर सॅम्पलिंगचा आणि फॅटच्या घटीचा अभ्यास करतील, आकडे बाहेर जाणार नाहीत, शेवटी रिपोर्ट तुम्हालाच देतील. फुकटात घट शोधून मिळतेय म्हटल्यावर मॅनेजर फोन करतो. पत्रं ऑगस्टमध्येच टाका आणि मुलं डिसेंबर-जानेवारीत पाठवा, तेव्हा दुधाचा फ्लश असतो, दूध मावत नाही, पावडर चालू असते, सगळा प्लांट पूर्ण ताकदीने पळताना दिसतो. उन्हाळ्यात दूध कमी, अर्ध्या लाइन बंद, मुलं खुर्चीवर बसून मोबाइल बघतात आणि मग शिकण्यासारखं काही नव्हतं असं येऊन सांगतात. जर्नलमध्ये रोज एकच प्रश्न असू दे, आज काय परत पाठवलं किंवा अडवलं, आणि का.

आणि गमबूट प्रत्येकाने स्वतःच्या मापाचे विकत घेऊन जावेत. प्लांटचे सगळे नऊ नंबरचे असतात, त्यात ओला डॉक.